एका ओळीचा हक्क

४ मार्च

ताई,

मायना काय लिहावा यातच दोन कागद गेले. 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील, नऊ वर्षांनी आज प्रिय झाले होय! म्हणून नुसतं ताई. तोफेची ताई ती माझीही ताई, हे आपल्या तिघींच्या फ्रॉकच्या दिवसांपासून चालत आलंय, त्याला आता माझा इलाज नाही.

काम असं आहे. तोफ बस चालवायची त्या डेपोत बायका ड्रायव्हरांसाठी विश्रांतीची खोली होतेय. दोन पलंग, एक आरसा, चहाचं मशीन आणि आतून कडी लागणारं दार. या कडीसाठी तुझी बहीण बारा वर्षं मॅनेजरशी भांडली, आणि ती गेल्यावर तीन आठवड्यांत कडी बसली. नऊ मेला खोली उघडणार आहेत, तिच्या नावानं, आणि त्या वेळी तिच्यावरचं एक गाणं हवंय. मॅनेजर मला म्हणाला, "जरा हलकंफुलकं ठेवा, लोकांना ड्युटीवर जायचं असतं." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

चाल तिचीच आहे. तिच्या मोबाइलमध्ये सापडली. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं गाडी उभी असायची ना, तेव्हा ती गुणगुणून ठेवायची. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. ताल धरायला ती वळायचं नसतानाही इंडिकेटर लावून बसायची आणि मागचे गाडीवाले शिव्या घालायचे, आठवतं? आपली सगळी गाणी त्या एकाच लयीत आहेत, ताई. निवृत्तीच्या समारंभांची, दुकानांच्या उद्घाटनांची, त्या दातांच्या डॉक्टरचं 'हसा हसा, बत्तीस हसा'. सगळी डावीकडे वळणारी.

तिची चाल, माझे शब्द, तुझा गळा. शब्द कसेबसे जमवलेत, सोबत पाठवतेय. गळ्याचं मी काही बोलत नाही, ते तुझं तू बघ. मला तुझ्याकडून फक्त एक ओळ खोडून हवी आहे. आपला नियमच तो: प्रत्येक गाण्यात प्रत्येकीला एक ओळ खोडायचा हक्क, कारण सांगायचं नाही, कारण विचारायचं नाही. तोफेनं माझी ओळ खोडली की मनातल्या मनात मी कितीदा तिचा गळा दाबला असेल! पण गाणं सुधारायचं. आता खोडणारंच कुणी उरलं नाही. दुपारी लॅबमध्ये कवळीचे दात मेणात बसवताना वाटतं, वा, काय लिहिलंय! संध्याकाळी घरी येऊन वाचते तर माझी मलाच लाज वाटते.

हे पहिलं कडवं, बाकीची तीन मागच्या पानावर:

*आरशात बघून मागचे सगळे मोजून घेतलेस,*
*दार लागलं का बघून मगच गाडी सोडलीस,*
*कुणाला हाक नाही, कुणाची वाट नाही,*
*शेवटच्या थांब्यावर एकटीच उतरलीस.*

आणि ती गेल्यावर तू आलीस, त्या दिवशी तू विचारलंस त्याबद्दल. तू तिच्या खोलीत उभी होतीस, अंगावरचा कोटही काढला नव्हतास. मी तिच्या चादरींच्या घड्या करत होते. तू म्हणालीस, "तिनं माझं नाव काढलं का?" आणि मी म्हटलं, "शेवटी शुद्धच नव्हती गं." तेवढ्यावर तू निघून गेलीस. मला सारखं वाटतंय की मी ते फार घाईनं बोलले. बस, एवढंच.

एक ओळ खोड. एकच.

कवळी

२१ मार्च

ताई,

कागद परत आला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, पाकिटावर तुझ्या हातचा पत्ता आणि आत माझाच कागद. एका ओळीवर निळी रेघ, तीही पट्टी लावून ओढलेली. 'कुणाला हाक नाही, कुणाची वाट नाही.'

कारण विचारायचं नाही. मी विचारत नाहीये. नियम मला पाठ आहे, तुझ्याआधी मीच तो मोडला तर तोफ वरून चप्पल फेकेल.

पण ताई, सोळा ओळी होत्या! दुसऱ्या कडव्यात 'चार चाकांवर तुझं मन' अशी एक भिकार ओळ मी मुद्दाम ठेवली होती. बसला सहा चाकं असतात. तोफ असती तर वाचताक्षणी खोडून वर माझी अक्कल काढली असती. ती ओळ तुझ्यासाठी आयती मांडून ठेवली होती, म्हणजे तू ती खोडशील, मी 'बरोबर बोललीस' म्हणेन आणि आपलं पुन्हा जरा सुरू होईल. हे आता सांगतेय, कारण लबाडी पचली नाही. तू तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस आणि नेमकी हीच धरलीस.

चार दिवस मी तुझ्या निळ्या रेघेकडे बघतेय. कधी वाटतं, तुला काहीतरी कळलंय. कोण सांगणार पण? वॉर्डातली नर्स? तिला तुझं नावही माहीत नाही. कधी वाटतं, ओळ चालीत बसत नसेल, 'हाक'वर श्वास तुटत असेल, तू गाणारी आहेस, तुला ते आधी कळणार. मग वाटतं, ही जुनी परतफेड आहे. तुमच्या आईच्या आठवणीतल्या गाण्यात तोफेनं तुझी ओळ खोडली होती ना, 'उशाशी तुझ्या मी बसून राहिले'. कारण कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि तिघींनाही माहीत होतं की आईच्या उशाशी तोफ बसली होती आणि तू नोकरीच्या गावी होतीस. तू माइक खुर्चीवर ठेवलास, पर्स उचललीस आणि नऊ वर्षं गेलीस. तेव्हा मी काहीच बोलले नाही. मला तुझीही बाजू पटत होती, तिचीही, आणि समोर हॉलचे लोक खुर्च्या लावत होते.

आता त्या ओळीच्या जागी काय घालू ते सुचेना झालंय. 'कुणाशी वाद नाही' लिहिलं, तर मीच हसले. तोफ आणि वाद नाही! 'कसली तक्रार नाही', छे. जे लिहावं ते खोटंच निघतं आणि चाल तिथे अशी काही वर चढते की खोटं लगेच उघडं पडतं. बाकी ओळींत लपतं, तिथे लपत नाही.

आमचे हे म्हणाले, "अगं, फोन करून विचार की." मी म्हटलं, "तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" तर म्हणतात, "गाण्यातलं नाही, फोनमधलं कळतं." आले मोठे!

कवळी

६ एप्रिल

ताई,

तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. मला ऑगस्टपासून माहीत होतं.

तोफेनं मला तिच्या गाडीत बोलावून घेतलं. गाडी डेपोत उभी, आत आम्ही दोघीच, ती तिच्या सीटवर आणि मी पहिल्या बाकावर. रिपोर्ट स्टिअरिंगवर ठेवला होता. म्हणाली, "पोटात गाठ आहे, पसरलीय, डॉक्टर तोंड पाडून बोलतोय. तू तोंड पाडू नकोस, मला गाडी काढायची आहे." आणि मग म्हणाली, "ताईला सांगितलंस तर याद राख. कळलं तर येईल ती. कीव करत आलेली मला नकोय." मी शपथ घेतली. तिच्यासमोर शपथ न घेणं कुणाला जमलंय?

म्हणजे बघ, न सांगण्याचा गुन्हा माझ्या एकटीचा नाही. हे वाक्य लिहिलं आणि मलाच कसंतरी झालं. पण राहू दे.

ऑगस्ट ते फेब्रुवारी मी दर रविवारी तिच्याकडे जायचे. ती चिडचिड करायची, मी सूप करायचे, ती ते बेसिनमध्ये ओतायची आणि मला दिसलं नाही असं मी दाखवायचे. डिसेंबरपर्यंत गाडी चालवली तिनं. शेवटच्या दिवशी प्रवाशांवर इतकी ओरडली की एकानं तक्रार केली. त्या तक्रारीची प्रत तिनं फ्रिजवर चिकटवून ठेवली होती.

मला एक विचारायचंय, तू गाणारी आहेस म्हणून. ती गेली त्या सकाळी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते. रडू येईल म्हणून वाट बघत होते. रडू आलं नाही, ओळ आली. 'दार लागलं का बघून मगच गाडी सोडलीस.' आणि ताई, ओळ चांगली आहे म्हणून मला आनंद झाला. खरोखरचा आनंद! जिवाभावाची मैत्रीण वर पडलेली आणि मी खाली ओळ बरी जमली म्हणून खूश. अशी बाई असते का गं? तेव्हापासून मी रडायला बसले की लिहायलाच लागते. लिहिलं की हलकं वाटतं, आणि हलकं वाटलं की स्वतःची किळस येते, आणि किळस आली की तीसुद्धा कुठल्या मात्रेत बसेल ते मोजते. हे दुःख आहे की नुसती सवय, मला कळत नाही. लॅबमध्ये परवा एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी साचा परत पाठवला तेव्हा माझा विश्वासच बसेना.

त्या ओळीच्या जागी अजून काही नाही. मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले. गाणं होतंय असं सांगितलंय.

कवळी

१५ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीनच वाक्यं, पण मी ती इतक्यांदा वाचली की आमचे हे म्हणाले, काय परीक्षा आहे का तुझी?

'ती ओळ खरी आहे, म्हणून मला गाता येणार नाही. बाकीचं गाईन. नऊ मेला येते.'

महिनाभर मी काय काय कल्पना केल्या! तुला कळलंय, तू सूड घेतेयस, श्वास तुटतोय. आणि तू आपली साधी, ती ओळ खरी मानून बसलीस. तिनं कुणाला हाक मारली नाही, कुणाची वाट पाहिली नाही, हे तुझ्या बहिणीबद्दल मी लिहिलं आणि तू मान खाली घालून मान्य केलंस. घशातून निघणार नाही म्हणून तेवढी एक रेघ मारलीस, आणि तरी येतेयस. मला आनंद व्हायला हवा होता. तू येणार, तू गाणार, नऊ वर्षांनी. कार्ड हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला घाम फुटला.

कारण ती ओळ खोटी आहे, ताई. तिनं हाक मारली होती. तुलाच.

शनिवारी, सात फेब्रुवारीला. दुपारची वेळ, मी तिच्या पायांना तेल लावत होते, आणि ती पूर्ण शुद्धीवर होती. तिनं मला तुला बोलवायला सांगितलं. ती बुधवारी सकाळी गेली. मधे चार दिवस होते. तुझ्या गावाहून इथे यायला एक दिवस लागतो, मला माहीत आहे, कारण नंतर तू एका दिवसात आलीसच.

त्या चार दिवसांत मी तुला पत्र लिहीत होते.

हसू नकोस. नाही, हसणार नाहीस. मी घरी आले, लॅबच्या ऑर्डरचे कोरे कागद घेतले आणि पाठीमागच्या बाजूला लिहायला बसले. आमच्या ह्यांनी तेव्हाही हेच सांगितलं, "फोन कर." मी म्हटलं, "असलं कुणी फोनवर सांगतं का? शब्द नीट हवेत." शनिवारी 'ताई, हे वाचून तुला धक्का बसेल' असं लिहिलं, ते नाटकी वाटलं म्हणून खोडलं. रविवारी 'तुझी बहीण आजारी आहे' लिहिलं, ते फारच कोरडं वाटलं. सोमवारी दोन पानं झाली, चांगली झाली होती, पण त्यात ऑगस्टचा उल्लेख कसा करायचा ते जमेना. ऑगस्टपासून माहीत असून आज कळवतेस, असं तू म्हणणार. मग तो परिच्छेद वर घेतला, खाली घेतला, शपथेचं आधी सांगितलं, नंतर सांगितलं. मंगळवारी सगळं फाडून पुन्हा सुरुवात केली. सात खर्डे आहेत, ताई. अजून ठेवलेत. मी तिच्यासाठी शब्द शोधत नव्हते, मी स्वतःला सोडवत होते. ती तिकडे दाराकडे बघत पडलेली असेल, आणि मी इकडे वाक्यं घासूनपुसून

ताई, मी हे काय करतेय?

दीड पान झालं. 'हसू नकोस' हे मी आधी 'रागावू नकोस' लिहिलं होतं आणि बदललं. कार्ड येऊन तीन दिवस झाले. तीन दिवस मी याच पत्राची पहिली ओळ जुळवत बसले होते, म्हणजे पुन्हा तेच. मार्चपासून तेच चाललंय! तू तिकडे खोटी ओळ खरी मानून जगतेयस आणि मी तुला पोस्टानं पाठवायचं गाणं शोधतेय. हे पत्र आता टाकत नाही. तुझा नंबर फ्रिजवर लावलेला आहे, वर्षानुवर्षं आहे. उठते.

१६ एप्रिल

तोफे,

तुला पत्र लिहायचं म्हणजे मूर्खपणा आहे, पण तुला फोन लागत नाही. नाहीतर केला असता. आता मी फोन करणारी बाई झाले आहे, तुला सांगायला पाहिजेच.

काल ताईला फोन लावला. पाच वेळा वाजला. सहाव्यांदा तिनं उचलला आणि म्हणाली, "कोण?" मी म्हटलं, "कवळी." ती म्हणाली, "बोल." मी तोंड उघडलं तर एकही तयार वाक्य नाही. म्हटलं, "ताई, तोफेनं तुला बोलावलं होतं. मी कळवलं नाही."

 

मग ती म्हणाली, "कधी?"

"शनिवारी."

"आणि गेली बुधवारी."

"हो."

"चार दिवस तू काय करत होतीस?"

"तुला पत्र लिहीत होते."

तोफे, मला वाटलं आता ओरडेल. तुझीच बहीण ती. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी तयारच होते, खुर्चीसुद्धा धरून ठेवली होती. पण ती हळू आवाजात म्हणाली, "पत्र. हं." मागे तिच्याकडे नळ चालू होता, तो तिनं बंद केल्याचं ऐकू आलं. मी माफी मागायला लागले, ऑगस्ट, शपथ, खर्डे, सगळं एकात एक घुसलं, मलाच कळेना मी काय बोलतेय. तिनं मधेच तोडलं.

"ते राहू दे. ती काय म्हणाली ते सांग."

"तुला बोलाव म्हणाली."

"तसं नाही. तिचे शब्द सांग. तुझे नकोत."

आता खरं सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं? त्या क्षणी माझ्या मनात एक वाक्य आपोआप तयार झालं. 'ताईला सांग, तिची वाट बघतेय मी.' तुझ्या चालीत, त्या रिकाम्या जागी, अगदी मात्रेला मात्रा बसत होतं. महिनाभर जे सापडत नव्हतं ते नेमकं तेव्हा सापडलं. ताई रडली असती. गाणं पूर्ण झालं असतं, मॅनेजर खूश झाला असता, नऊ मेला लोकांनी रुमाल काढले असते. जिभेच्या टोकावर होतं. आणि मला तुझं तोंड दिसलं, माझी ओळ खोडतानाचं.

मी म्हटलं, "ताई, ते काही चांगलं नाही. ऐकवणार नाही तुला."

"सांग म्हणते ना!"

मग मी सांगितलं, जसंच्या तसं. मी तुझ्या पायांना तेल लावत होते, तू पाय ओढून घेतलास आणि म्हणालीस, "त्या शहाणीला म्हणावं, मेल्यावर येऊन काय दिवे लावणार आहेस? आत्ता ये म्हणावं. आणि रडत येऊ नकोस म्हणावं, माझं डोकं दुखतं."

ताईचा आवाज आला, पण तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला शेवटपर्यंत कळलं नाही. बराच वेळ येत होता. मी फोन कानाला लावून उभी होते. आमचे हे दारात येऊन बघून गेले आणि त्यांनी गॅस बंद केला.

तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. तसं ती काही बोलली नाही. नऊ मेचंही काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. गाण्यात ती जागा अजून रिकामीच आहे आणि आता तिथे काय घालायचं ते मला खरंच सुचत नाही, तोफे. कदाचित काहीच घालणार नाही.

फोन ठेवायच्या आधी तिनं एवढंच विचारलं, "रागानं म्हणाली का गं?"

मी म्हटलं, "हो, ताई. खूप रागानं."

तर ती म्हणाली, "मग खरंच बोलावलं तिनं मला."